फ्लॉपीतला श्रीकार

मोडी पहिल्यांदा वाचायला बसणाऱ्याची एक ठरलेली फजिती होते. ओळ दिसते, शब्द दिसत नाहीत. कारकुनानं आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढलेली असते आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत तो सुटलेला असतो. शब्दांमध्ये जागा सोडणं त्याच्या गावीच नसतं. कुठे एक शब्द संपला आणि कुठे दुसरा सुरू झाला, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. अशा वेळी हाताला लागणारी पहिली खूण म्हणजे माथ्यावरचा ‘श्री’. तो सापडला की कागद सुलटा धरलाय एवढं तरी कळतं. आणि तळाशी मोर्तब: इथं मजकूर संपला, यापुढे कुणी काही घुसडलं तर ते आमचं नव्हे.

हा श्रीकार आणि हे मोर्तब मला अलीकडे पुन्हा भेटले, ते एका साडेतीन इंची फ्लॉपीत.

फ्लॉपी माझ्या आत्याची. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि १९९७ साली तिनं आपल्या आठवणी सांगायला घेतल्या. सांगायला म्हणजे अक्षरशः सांगायला. रोज दुपारी डीटीपीवाल्या मुलाशेजारी खुर्ची टाकून ती बोलायची आणि तो टाइप करायचा. छापील प्रत एकच निघाली, ती घर बदलताना गहाळ झाली. पुढे आत्याही गेली. बटणांच्या डब्यात उरली ती ही काळी चौकोनी वस्तू. लेबलावर आत्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘आठवणी. नीट ठेवणे.’

नीट ठेवलेली होतीच. वाचायची कशी, ते लेबलावर नव्हतं.

माझा एक मित्र जुन्या यंत्रांच्या नादी लागलेला आहे. त्याच्याकडे गेलो. त्यानं फ्लॉपी हातात घेतली आणि सगळ्यात आधी कोपऱ्यातली बारकी खिटी नखानं सरकवून तिथलं भोक उघडं केलं. भोक उघडं असलं की यंत्र त्या फ्लॉपीवर लिहू शकत नाही, फक्त वाचू शकतं. आधीच्या सव्वापाच इंची फ्लॉपीत याच्या बरोबर उलटं होतं. तिथं कडेची खाच चिकटपट्टीनं बुजवली की लिहिणं बंद. एकाच घराण्यातल्या लागोपाठच्या दोन पिढ्यांनी अशी उलटसुलट रीत का पाडावी, देव जाणे.

मग त्यानं धातूची झडप बाजूला ओढली आणि चकती उजेडात हळूहळू फिरवली. एका बाजूला पांढुरके ठिपके होते. बुरशी. पंचवीसेक पावसाळ्यांची कमाई. अशी फ्लॉपी तशीच यंत्रात सरकवणं म्हणजे तिचा घात, कारण फ्लॉपीच्या ड्राइव्हमध्ये वाचणारं टोक चकतीला प्रत्यक्ष टेकलेलं असतं. बुरशीचा कण त्या टोकाला चिकटला की तो चकतीवरून नांगरासारखा फिरतो. वर पुढची जी फ्लॉपी आत जाईल तिच्यावरही. मित्रानं कवच अलगद उकललं, आतली चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसली, वाळवली आणि एका रिकाम्या स्वच्छ कवचात बसवली. हे सगळं तो ज्या शांतपणे करत होता, ते पाहून मला देवघरातले टाक पुसणारी आजी आठवली.

त्या मधल्या वेळात मी चकती पहिल्यांदाच उघडी पाहिली. तपकिरी-काळसर, केसाएवढ्या जाडीची, प्लास्टिकची. तिच्यावर लेप आहे लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांचा. म्हणजे गंजाच्याच भाऊबंदांचा. कोकणातल्या घराच्या खिडकीच्या गजांवर जे चढतं, त्याच्या सख्ख्या नातलगावर विसाव्या शतकाच्या अखेरीचं निम्मं जग आपला हिशेब, पत्रं आणि कादंबऱ्या लिहून ठेवत होतं.

या लेपावर ८० वर्तुळं असतात. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी आत आत जाणारी एकच गुंडाळी तिथं नसते; तळ्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखी ती एकात एक बसलेली असतात. दोन तरंगांमधलं अंतर मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग. प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे, प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट आणि चकतीच्या बाजू दोन. गुणाकार केला तर १४,७४,५६० येतात. फ्लॉपीच्या पाठीवर छापलेले ‘१.४४ एमबी’ ते हेच. खरं तर हा आकडा धेडगुजरी आहे: एकदा १०२४ नं भागलंय आणि एकदा १००० नं. पण जगानं तो तसाच चालवून घेतला.

आता इथून पुढे खरी गंमत आहे.

आपण सहज म्हणतो की फ्लॉपीत शून्य आणि एक साठवलेले असतात. चकतीवर शून्यही नसतो, एकही नसतो. तिथं फक्त बारीक बारीक चुंबकं असतात, काहींचं तोंड इकडे, काहींचं तिकडे. वाचणाऱ्या टोकाला ही तोंडंही कळत नाहीत. एका दिशेच्या चुंबकाची हद्द संपून उलट्या दिशेच्या चुंबकाची हद्द लागली, की त्या उंबरठ्यावर त्याला एक झटका जाणवतो. बस्स. झटका, मग शांतता, मग झटका. सगळा अर्थ आहे तो दोन झटक्यांमधल्या शांततेत.

आत्याच्या फ्लॉपीसारख्या फ्लॉपीत ही शांतता तीनच मापांची असते: दोन, तीन किंवा चार मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तबल्याच्या भाषेत बोलायचं तर एकच बोल आहे आणि तो दोन, तीन किंवा चार मात्रांच्या अंतरानं पडतोय. आत्याचं बालपण, तिची पहिली नोकरी, शाळेच्या पत्र्यावरून गळणारा पाऊस, सगळं या तीन अंतरांत. आणि हे ठोके इतके दाटीवाटीनं बसवलेले असतात की आतल्या वर्तुळावर एका केसाच्या रुंदीत चाळीस-पन्नास बिट मावतात.

पण नुसते ठोके ऐकत बसलं तर मोडीच्या वाचकासारखीच गत होते. ओळ आहे, शब्द कुठे तुटतो? चकती फिरतेच आहे. आपण मधेच ऐकायला लागलो, तर पहिलं अक्षर कुठलं? १९७० च्या दशकातल्या अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. ठोके कसे लिहायचे याचे काटेकोर नियम आहेत. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी मात्र या नियमांचा मुद्दाम एक भंग केलेला असतो. जिथं एक ठोका यायलाच हवा तिथं तो गाळलेला असतो, आणि ही खूण ओळीनं तीनदा येते. नियम पाळून लिहिलेल्या कुठल्याही मजकुरात अशी जागा येऊच शकत नाही, त्यामुळे ती दिसली की शंकेला वाव नाही. इथून सुरुवात. हाच तो श्रीकार.

श्रीकारानंतर पत्ता: कितवं वर्तुळ, कुठली बाजू, कितवा तुकडा. मग पुन्हा एक श्रीकार आणि ५१२ बाइट मजकूर. आणि शेवटी दोन बाइटांचं मोर्तब. संपूर्ण मजकूर म्हणजे एक लांबलचक संख्या समजून तिला एका ठरलेल्या संख्येनं एका खास रीतीनं भागतात आणि उरलेली बाकी तळाशी लिहून ठेवतात. वाचणाऱ्यानं तोच भागाकार पुन्हा करायचा. बाकी जुळली तर मजकूर जसाच्या तसा आहे. नाही जुळली तर कुठेतरी खोट आहे. कुठे, ते ही बाकी सांगत नाही. पेशव्यांचं मोर्तब तरी कुठे सांगत होतं?

साधा संगणक मोर्तब जुळलं नाही की हात वर करतो. डॉसच्या काळात ज्यांनी काम केलंय त्यांना तो आवाज आठवत असेल: ड्राइव्ह खर्र खर्र करत पुन्हा पुन्हा त्याच जागी जाणार आणि मग पडद्यावर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ दोनतृतीयांश अक्षरं शाबूत असली तरी तो तुकडा आपल्या हाती द्यायचा नाही, असा त्याचा बाणा.

मित्रानं हा बाणा बाजूला सारला. त्याच्याकडे हातावर मावेल एवढं सर्किट आहे. अशी बरीच मिळतात. क्रायोफ्लक्स आणि ग्रीसवीझल ही त्यातली दोन प्रसिद्ध नावं. हे सर्किट जुन्या ड्राइव्हला जोडायचं आणि दुसरं टोक यूएसबीनं आजच्या संगणकाला. ते अर्थ लावायच्या भानगडीतच पडत नाही. दोन झटक्यांमध्ये नेमका किती वेळ गेला, तेवढं लिहून घेतं. सेकंदाचे काही कोटी भाग करून, त्या बारकाव्यानं. एका वर्तुळाची फेरी सेकंदाच्या पाचव्या भागात होते. प्रत्येक वर्तुळाच्या पाच फेऱ्या ऐकल्या तरी तीन-चार मिनिटांत अख्खी फ्लॉपी ऐकून होते. त्यानंतर चकतीला हात लावायची गरजच नाही. दुखणाईत कागदाचा एकदाच चांगला फोटो काढावा आणि मग भिंगानं फोटोच वाचत बसावं, तसं.

मग सावकाश अर्थ लावायचा. पहिल्या फेरीत एक ठोका धूसर असेल तर तिसऱ्या फेरीत तो स्वच्छ येतो. एखादं अंतर ‘तीन’ म्हणावं की ‘चार’ अशा घोळात असेल, तर दोन्ही करून पाहायचं. ज्यानं बाकी जुळेल ते खरं. आमच्या फ्लॉपीचे २,८८० तुकडे. पडद्यावर त्यांचे चौकोन हिरवे होत गेले, काही लाल राहिले. मित्रानं ड्राइव्हचं टोक पुसलं, चकती पुन्हा फिरवली. लाल चौकोन कमी कमी होत शेवटी दोनच उरले. ते काही केल्या हलले नाहीत. तिथं बुरशीनं लेपच खाल्ला होता.

या खटाटोपात एक गोष्ट मी गृहीत धरली होती, ती म्हणजे ड्राइव्ह. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. त्यांना कागद सापडला की पुढे डोळे आणि मोडीचं ज्ञान एवढं पुरे असे. फ्लॉपी सापडली तर तिच्या जोडीला तिचं यंत्रही सापडावं लागतं, आणि ते चालतं असावं लागतं. आयबीएमनं १९७१ साली आठ इंची फ्लॉपी आणली, १९७६ साली सव्वापाच इंची आली, मग साडेतीन इंची. सोनीनं २०११ साली तिची विक्री थांबवली. आठ इंचीचा ड्राइव्ह आज कुणाकडे चालू स्थितीत असेल तर त्यानं तो जपून ठेवावा, शेजाऱ्याला उसना देऊ नये.

यंत्राअभावी काय होतं आणि यंत्रामुळे काय होतं, याची माझी सगळ्यात लाडकी गोष्ट फ्लॉपीची नाही, टेपची आहे. १९६६ आणि ६७ मध्ये अमेरिकेनं चंद्राभोवती ‘ल्युनर ऑर्बिटर’ नावाची पाच यानं फिरवली. माणसं उतरवायची जागा शोधण्यासाठी त्यांनी चंद्राचे फोटो काढले. ते फोटो रेडिओवरून पृथ्वीवर आले आणि इथं मोठमोठ्या चुंबकीय टेपांवर उतरवले गेले. त्या वेळी त्यातून जे छापलं गेलं ते मूळ नोंदीच्या मानानं अगदीच भरड होतं. टेपा गोदामात गेल्या. पुढे १९८६ साली त्यांचं काय करायचं, टाकून द्यायच्या का, असा प्रश्न आला तेव्हा नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी ठाम नकार दिला. एवढंच करून त्या थांबल्या नाहीत. त्या टेपा वाचणारी ‘ॲम्पेक्स एफआर-९००’ ही फ्रिजएवढाली यंत्रं मोडीत निघत होती. ती त्यांनी मिळवली आणि घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ठेवली. घरच्यांनी काय ऐकवलं असेल याची मी कल्पना करू शकतो.

शेवटी २००७ च्या सुमारास डेनिस विंगो आणि कीथ काउइंग या दोघांनी टेपा आणि यंत्रं कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात आणली. जागा कुठली मिळाली, तर बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्सची. सुमारे १,५०० टेपा बर्गरच्या दुकानात रचून ठेवलेल्या. चार मोडकी यंत्रं खोलून, एकाचे भाग दुसऱ्याला लावून चालतं यंत्र उभं राहिलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पहिलं चित्र बाहेर आलं: चंद्राच्या क्षितिजावर टेकलेली पृथ्वी, २३ ऑगस्ट १९६६ ची. बेचाळीस वर्षांपूर्वी छापलेल्या चित्रापेक्षा किती तरी रेखीव. फोटो तोच, टेप तीच. १९६६ मध्ये टेपेवर होतं ते सगळं २००८ मध्ये पहिल्यांदा दिसलं.

आता समजा यंत्र मिळालं, ठोके ऐकले, मोर्तबं जुळली. आपल्या हातात आली ती बाइटांची एक लांब माळ. ती कशाची आहे, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. हा अनुभव पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कॉम्प्युटर क्लबच्या मुलांनी घेतला. चित्रकार अँडी वॉरहॉलनं १९८५ साली कमोडोर कंपनीच्या नव्याकोऱ्या ‘अमीगा’ संगणकावर चित्रं काढली होती. त्याच्या फ्लॉप्या त्याच गावातल्या वॉरहॉल संग्रहालयात पडून होत्या. कोरी आर्केंजल नावाच्या कलाकाराच्या पुढाकारानं या मुलांनी त्या जपून वाचल्या. फायलींची नावं पाहून त्यांचे डोळे चमकले असणार: त्यात ‘कॅम्पबेल्स’ होतं, ‘मॅरिलिन’ होतं, म्हणजे वॉरहॉलचे ते जगप्रसिद्ध सुपाचे डबे आणि मॅरिलिन मन्रो. पण फायली उघडेनात. त्या बाजारात येण्याआधीच्या, कच्च्या प्रोग्रॅममध्ये बनवलेल्या होत्या. तो प्रोग्रॅम ज्या रीतीनं चित्र साठवायचा ती रीत पुढे कुणी वापरलीच नाही. मुलांनी बाइटांची रचना उलगडून ती रीत पुन्हा शोधून काढली. २०१४ साली २८ चित्रं जगासमोर आली.

आत्याची फाइल त्या मानानं सरळ निघाली. सुरुवातीला थोडा मसाला आणि मग सलग अक्षरं. मित्रानं ती उघडली आणि मी खुर्ची पुढे ओढली.

पडद्यावर नुसता चिखल. इंग्रजी अक्षरं, मधेच उद्गारचिन्हं, डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली कुठली कुठली युरोपीय अक्षरं. मला वाटलं फ्लॉपी सडलीय. मित्र म्हणाला, “छे रे, एकही बाइट चुकलेला नाही. हे मराठीच आहे. फक्त मुखवटा उतरलाय.”

त्या काळच्या फॉन्टमध्ये सगळी मिळून २५६ घरं. त्यातल्या अर्ध्यांवर इंग्रजीचा वडिलोपार्जित हक्क. देवनागरीला स्वतःचं घर नव्हतं, तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली: इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरीचे तुकडे रंगवून ठेवले. हिंदी पट्ट्यात घरोघरी पोचलेला कृतीदेव घ्या. त्यात ‘मराठी’ हा शब्द लिहिला की संगणकाच्या पोटात जातं ते ‘ई, जे, के, मोठा बी, एच’. ‘के’ म्हणजे काना. ‘भारत’ म्हणजे ‘मोठा एच, के, के, जे, आर’. पहिला ‘के’ अर्ध्या भ ला पुरा करतो आणि दुसरा त्याचा काना होतो. टाइपरायटरवर जसा दांडा वेगळा मारायचे, अगदी तसं. संगणकाच्या लेखी तिथं मराठी कधी नव्हतीच; वेशांतर केलेली इंग्रजी अक्षरं होती. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रंग उतरतो आणि आतले नट दिसतात.

बरं, सगळ्यांनी एकच वेश वापरावा, तर तसंही नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती: प्रत्येकाची घरवाटणी निराळी. १९९१ साली भारताचं अधिकृत ‘इस्की’ प्रमाण जाहीर झालं होतं, त्याच वर्षी युनिकोडही आलं, पण साध्या माणसाच्या टेबलावर देवनागरी युनिकोड पोचायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्या मधल्या काळातले दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल या मुखवट्यांत आहेत. कागदावर छापलेलं वाचता येतं. फ्लॉपीतलं वाचायचं तर कुठल्या नटानं कुठला मुखवटा घातला होता, ते आधी शोधावं लागतं.

आमच्या फाइलमधल्या फॉन्टचं नाव होतं, फॉन्ट नव्हता. तेव्हा मित्र गुप्तलिपी सोडवतात तसा बसला. सगळ्यात जास्त वेळा येणारी खूण काना असणार, हे धरून चालला. पूर्णविरामाच्या आधी वारंवार येणारी अक्षरजोडी ‘होते’ असणार, कारण आठवणी आहेत. मग मी आत्याच्या शाळेचं नाव सांगितलं. सात अक्षरं एकदम उलगडली. तासाभरात अर्धा तक्ता भरला.

आणि तेव्हा मला एक गोष्ट उमगली, जी मी तीस वर्षं मराठी टाइप करून कधी पाहिली नव्हती. जुन्या फॉन्टमध्ये ‘हि’ लिहिताना आधी वेलांटी साठवतात, मग ह. कारण डोळ्याला वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी ह, मग वेलांटी, कारण कानाला ह आधी ऐकू येतो. ‘कर्म’ मध्ये कान म्हणतो क, र, म; जुना फॉन्ट म्हणतो क, म आणि मग डोक्यावर रफार. म्हणजे जुनी फाइल डोळ्यासाठी लिहिलेली असते आणि नवी कानासाठी. आत्या बोलली होती, त्या मुलानं ते कानातून घेऊन डोळ्यासाठी लिहिलं होतं, आणि आता आम्ही ते परत कानाकडे वळवत होतो.

मराठीचे म्हणून काही खास खळगे होतेच. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ मधला तो पापणीसारखा र हिंदीसाठी बनवलेल्या रूपांतरकांना ठाऊकच नसतो. ते बिनदिक्कत ‘दर्या’ करून टाकतात आणि सह्याद्रीचा समुद्र होतो. आत्याच्या पानापानावर ‘ॲडमिशन’ होतं. तो ‘ॲ’ तर युनिकोडमध्येच २००८ साली आला, तोवर त्याला घर नव्हतं. शेवटी आठवणी वाचता आल्या. दोन लाल चौकोनांपैकी एक त्यांच्यात पडला होता: १९६२ च्या एका वाक्यात मधेच साठ-सत्तर शब्दांचं भोक, आणि पलीकडे आत्या कुणावर तरी रागावलेली. कुणावर, ते गेलं.

दुसरा लाल चौकोन कुठे होता?

मित्रानं मला फ्लॉपीची अनुक्रमणिका दाखवली. फाइल पुसली म्हणजे पुसली जात नाही, हे मी ऐकून होतो, पण पाहिलं नव्हतं. डॉस पुसताना दोनच गोष्टी करतो: तुकडे मोकळे आहेत अशी नोंद, आणि अनुक्रमणिकेत नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण. बाकी नाव, तारीख, वेळ, लांबी, मजकूर कुठून सुरू होतो ते, सगळं जागच्या जागी. मजकूरही, जोवर त्यावर कुणी नवं लिहीत नाही तोवर. (वर्डची एके काळची ‘फास्ट सेव्ह’ ही सोय तर याहून गमतीची, ती नवे बदल फाइलच्या शेपटाशी जोडायची आणि लेखकानं खोडलेली वाक्यं फाइलमध्ये तशीच राहू द्यायची. काही बड्या लोकांना ती नडली असणार.)

आमच्या अनुक्रमणिकेत अशी एक पुसलेली नोंद होती. इंग्रजी अक्षरांतलं नाव. पहिलं अक्षर गेलेलं, मागे उरलेलं: ए-टी-आर-ए. अत्र. तारीख जुलै १९९७, वेळ दुपारची.

डॉसमध्ये पुसलेली फाइल परत आणण्याची एक आज्ञा होती आणि ती खरोखरच विचारायची: पहिलं अक्षर कोणतं? मित्रानं माझ्याकडे पाहिलं. पत्र? यात्रा? आत्या काशीला जाऊन आली होती. संस्कृतात ‘अत्र’ म्हणजे ‘इथं’. पुसलेलं नाव इथंच आहे, इथंच आहे असं म्हणत होतं. मी ‘पत्र’ म्हणालो. यंत्राला काय, कुठलंही अक्षर चालतं.

मजकूर छोटा होता, तीन-चार तुकड्यांचा, आणि त्यातला शेवटचा तुकडा लाल. तक्ता आता तयार होता, त्यामुळे अक्षरं लगेच उमटली. पहिल्या ओळीत मथळा: ‘मात्रा. चि. बाळासाठी, दोन महिने पुरे झाल्यावर.’

खाली यादी. सहाणेवर आईच्या दुधात उगाळायची. वेखंड, दोन वेढे. मुरडशेंग, तीन वेढे. हळकुंड, दोन. हिरडा, चार, बद्धकोष्ठ असल्यास पाच. बदाम अर्धा, सोलून. पुढे कंसात आत्याची मुख्याध्यापकी सूचना, हात आणि सहाण दोन्ही उकळत्या पाण्यानं धुणे. आणि शेवटची दिसणारी ओळ: ‘जायफळ’. त्यापुढे भोक.

१९९७ च्या जुलैत आमच्या घरात कुणाचंच बाळ नव्हतं. मी मनात सगळी भावंडं मोजली. मग त्या खुर्चीशेजारच्या मुलाचा विचार केला, जो रोज दुपारी तिचं बोलणं टाइप करायचा. एक दिवस त्यानं आठवणी बाजूला ठेवून हे टाइप केलं असणार, कागद काढून घरी नेला असणार आणि गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीत आपलं काही नको म्हणून फाइल पुसली असणार.

घरी येऊन आईला यादी वाचून दाखवली. जायफळापाशी थांबलो. आई मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “अर्धाच वेढा. वन्सं मला बजावून सांगायच्या, जास्त झालं तर पोर झोपूनच राहतं.”